दारातली चप्पल

“त्याच्या मिठीत ती सगळं...” इथपर्यंत वाचून झालं होतं आणि दार लागलं. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. दाराचं जाड रबर चौकटीच्या रबरावर जाऊन बसलं, एक दबका उसासा आला, बस्स. पण तिच्या कानांना तेवढं पुरलं. बाहेरच्या बोळातून एरवी येणारं सगळं, म्हणजे जिन्यावरची पावलं, खालच्या मजल्यावरच्या छापखान्याची घरघर, कुणाचा तरी फोन, गळक्या नळाची टपटप, या सगळ्यावर कुणीतरी एकदम बोळा फिरवला. उरली ती, समोरचा माईक आणि पानावर राहिलेला एक शब्द, ‘विसरली’. तो तिच्या तोंडातून बाहेर पडेना.

ती पुस्तकं वाचायची. म्हणजे पोटासाठी वाचायची, मोठ्याने, दुसऱ्यांसाठी. लोक स्वयंपाक करताना, इस्त्री करताना, झोप येत नाही म्हणून कूस बदलताना तिचा आवाज कानात घालून ठेवायचे. जिथे बसून ती वाचायची ती खोली पूर्वी आइस्क्रीमच्या कंपनीची शीतखोली होती. भिंती हातभर जाड, म्हणून रेकॉर्डिंगला झकास. मालकाने एका भिंतीत काच बसवून घेतली आणि आयतं मिळतंय म्हणून दार तेच ठेवलं. त्या दाराला मूठ होती ती फक्त बाहेरून. आतून ढकलायचा खटका कधीकाळी मोडला होता, आणि नवा बसवायचा तर दाराला भोक पाडावं लागेल, भोक पाडलं की आवाज येणार, आवाज आला तर खोलीचं लोणचं घालायचं का, असा मालकाचा सवाल होता. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती डाव्या पायातली चप्पल काढून दारात ठेवायची. दार येऊन चपलेवर टेकायचं, चार बोटांची फट राहायची, आणि ती एक पाय अनवाणी ठेवून वाचायला बसायची. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट विचारायचा, “चप्पल लागली?” ती म्हणायची, “लागली.” मग तो म्हणायचा, “चला.” इतक्या वर्षांत त्या चपलेबद्दल दोघांमध्ये याहून जास्त शब्द झाला नव्हता.

आता दारात चप्पल नव्हती. ती दिसली नाही, एवढंच तिला दिसलं. भीती वाटते असं लोक म्हणतात, पण वाटण्याची वेळच आली नाही, शरीराने परस्पर कारभार हातात घेतला. जिभेवर सिमेंटची चव आली. बोटांची टोकं थंड पडली आणि मानेवरून घामाची धार उतरली. ओरडावं असं डोक्याने ठरवलं, तोंडाने मात्र भलतंच सुरू केलं. “खडकांचे मुख्य तीन प्रकार आहेत,” तिच्याच कमावलेल्या, स्वच्छ, लोकांना आवडणाऱ्या आवाजात माईकमध्ये ऐकू आलं. “अग्निज खडक, उदाहरणार्थ बेसॉल्ट. स्तरित खडक, उदाहरणार्थ वालुकाश्म. रूपांतरित खडक, उदाहरणार्थ...” हे शब्द तोंडात असतानाच दार उघडलं.

दारात रेकॉर्डिस्ट उभा होता. गळ्यात हेडफोन, त्याची वायर यंत्रातून उपटलेली आणि मागे लोंबकळत असलेली. त्याला सगळे कानसेन म्हणायचे, कारण शेजारच्या इमारतीत टाचणी पडली तर ती कोणत्या हातातून पडली हेही हा सांगेल, अशी त्याची ख्याती होती. नंतर त्याने सांगितलं की हेडफोनमध्ये तिच्या मागची खोली एकदम नाहीशी झाली. ती वाक्यात थांबली हे त्याला नंतर कळलं. आधी बोळ गेला हे कळलं आणि तो पळाला. पण त्या क्षणी त्याने यातलं काही सांगितलं नाही. दार पाठीने रेटून धरलं, तिच्याकडे पाहिलं आणि धापा टाकत म्हणाला, “संगमरवर.”

त्याच्यामागे एक तरुण मुलगी चप्पल हातात धरून उभी होती. ती आज वाचत होती त्या कादंबरीची ही लेखिका. आपलं पुस्तक कसं वाचलं जातंय ते ऐकायला आज पहिल्यांदाच आली होती. “ताई, ही दारात अडकली होती,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “मला वाटलं कुणाची तरी चुकून राहिली. दार नीट लागत नव्हतं, म्हणून मी चप्पल बाजूला ठेवली आणि... माझं काही चुकलं का?” तिला त्या मुलीला सांगायचं होतं की तुझं काही चुकलं नाही, रीतसर शहाण्या माणसाने हेच केलं असतं. पण तिला हसू फुटलं. ती जमिनीवर बसली आणि हसत राहिली, दात वाजत असताना हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि लेखिका हातातल्या चपलेकडे बघत राहिली.

हसू यायला कारण होतं ते मघाचं अर्धं राहिलेलं वाक्य. कादंबरीतलं शहर असं होतं की तिथे संध्याकाळ झाली की सरकार सगळ्या घरांची दारं बाहेरून लावून घेतं आणि सकाळी उघडतं. सतरा वर्षांची नायिका पळून जाऊन एका कोरड्या पाण्याच्या टाकीत लपते. तिथे बंडखोरांमधला एक पोरगा आधीच बसलेला असतो. गस्तीवाले वरून झाकण लावतात. दुसऱ्या दिवशी ती दोघं एकमेकांच्या जवळ येतात आणि त्याच्या मिठीत ती सगळं विसरते. असली वाक्यं तिने आजवर ढीगभर वाचली होती. बोगद्यात विसरणारी, तळघरात विसरणारी, बॉम्ब पडत असताना विसरणारी. तिच्या आवाजाला त्यांच्यासाठी एक खास मधाळ वळण होतं, तेही लागलीच जमायचं. तिचा त्या वाक्यांवर विश्वास होता ही खरी गोची होती. जगात प्रेम म्हणून एक गोष्ट असते आणि ती झाली की माणूस विसरतो, आपण विसरत नाही, म्हणजे आपल्याला ती झालेली नाही, आणि बहुधा होणार नाही, असा हिशेब तिने विशीतच करून टाकला होता आणि चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत तो पुन्हा तपासला नव्हता. मागच्या महिन्यात कानसेनने चहाचा कप तिच्यापुढे ठेवता ठेवता विचारलं होतं, “माझ्याकडे राहायला येशील? लग्न करून, न करता, तुला पटेल तसं.” तिचं मन उचंबळून आलं होतं, आणि त्याच वेळी तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून दार उघडं आहे ना ते पाहून घेतलं होतं. म्हणजे विसरली नव्हतीच. “सांगते,” ती म्हणाली होती. तो “बरं” म्हणाला होता, आणि त्यानंतर एकदाही त्याने विषय काढला नव्हता.

ती सोळाची असताना शिकवणीचा वर्ग एका तळघरात भरायचा. त्या दिवशी मास्तरांनी तिला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाला फळा पुसायला मागे थांबवलं होतं, शिक्षा म्हणून. तो वर्गात बडबडत होता आणि ही त्याला गप्प बस म्हणून त्याच्याहून मोठ्याने ओरडली होती. बाकीची मुलं वर गेली, मास्तर गेले, आणि मग वरची इमारत खाली आली. जिन्याखालचा कोपरा तेवढा उभा राहिला आणि त्यात ही दोघं. पुढे लोकांनी विचारलं तेव्हा लोकांना किंकाळ्या हव्या होत्या. तिला आठवायचा तो कंटाळा. भीती यायची, पाचावर धारण बसायची, मग भीतीही थकायची आणि नुसता कंटाळा उरायचा, तो भयंकर होता. धुळीने त्याला खोकला लागला होता, म्हणून त्याचं नाव मनातल्या मनात ‘खोकल्या’ पडलं, आणि त्या खोकल्याचा तिला इतका राग यायचा की याच्याऐवजी इथे दुसरं कुणीही चाललं असतं असं वाटायचं. लघवीला लागली तेव्हा दोघांनी कोपऱ्यावरून भांडण केलं. तिच्या बाटलीत पाणी होतं. आळीपाळीने एक घोट असं ठरलं, आणि तिला डुलकी लागली तेव्हा त्याने न ठरलेला घोट घेतला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंधारात तिने थोबाडीत द्यायला हात उगारला तो त्याच्या कानावर बसला. मग दोघंही रडली. मिठी वगैरे झाली नाही. दोघांच्या अंगाला इतका वास मारत होता की जवळ सरकायचा प्रश्नच नव्हता. “वाचवा” ओरडून ओरडून त्या शब्दाचा चोथा झाला आणि तिचा घसा बसायला आला तेव्हा खोकल्या म्हणाला, “धड्यातलं काहीतरी म्हण. मला नाही जमत. परीक्षा जवळ आलीय.” त्यावर ती भूगोल म्हणायला लागली, ठणठणीत आवाजात, डोक्यावर दगडविटांचा ढीग घेऊन खडकांचे प्रकार. वर एक बचावाचं काम करणारा माणूस हातातलं सगळं टाकून उभा राहिला आणि ओरडला, “अरे, खाली कुणीतरी भूगोल म्हणतंय!” ती रूपांतरित खडकांपर्यंत आली होती, उदाहरणार्थ म्हणून झालं होतं, तेवढ्यात फळी सरकली आणि उजेड आत आला. उदाहरण द्यायचं राहूनच गेलं. पुढे स्वप्नात ती हे पाठांतर करायची तेव्हाही तिथेच अडायची.

बाहेर काढताना कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो भलामोठा छापून आला. धुळीने पांढरीफटक दोन पोरं आणि त्याच्या मनगटावर तिचा हात. खाली लिहिलं होतं की काळाच्या जबड्यातही हातातला हात सुटला नाही. वास्तविक बाटली खोकल्याच्या हातात होती, तळाला एक घोट उरला होता, आणि ती तो हिसकावून घेत होती. बाटली फोटोच्या कडेला होती, ती छापताना कापली गेली. मग काय विचारता. मावशी म्हणाली, जोडी वरूनच ठरून आलीय. खोकल्याच्या आईने तिच्यासाठी ड्रेस पाठवला. शाळेतल्या मुली तिच्याकडे बघून उसासे टाकायला लागल्या. तिला झोप लागत नव्हती, अंघोळीला दार लावता येत नव्हतं, आई बाहेर बसून मुद्दाम भांडी वाजवायची म्हणजे आत ऐकू जावं की घर जागेवर आहे. पण ते कुणाला नको होतं. सगळ्यांना लग्न हवं होतं. विशीत दोघांनाही वाटलं, एवढे सगळे म्हणतात तर बघू. एका हॉटेलात भेटली. दाराकडे तोंड असलेली खुर्ची दोघांनाही हवी होती, शेवटी दोघं एकाच बाजूला शेजारी शेजारी बसली, दाराकडे बघत, आणि वेटरला वाटलं ही कुणाची तरी वाट बघतायत. खोकल्या म्हणाला, “राग मानू नकोस, तुझा आवाज ऐकला की माझ्या नाकात धूळ जाते.” ती म्हणाली, “आणि तू खोकलास की मला तहान लागते.” मग दोघं खूप हसली, तळघरातसुद्धा नव्हती इतकी जवळ आली, आणि कायमची सुटली. त्याचं यथावकाश लग्न झालं, मुलं झाली. दरवर्षी त्या तारखेला त्याचा निरोप येतो, दोनच शब्दांचा. ‘पाणी पी.’

हे सगळं तिला लेखिकेला सांगायचं नव्हतं. पण चप्पल दारात परत गेली, बोळातली घरघर आत आली, पाण्याचा पेला रिकामा झाला, आणि लेखिका जायचं सोडून शीतखोलीच्या जमिनीवर मांडी घालून बसली. “ताई, तुम्ही हसलात ते माझ्या वाक्याला हसलात ना?” तिने विचारलं. पोरगी हुशार होती.

“तुझी नायिका टाकीत किती वेळ आहे?”

“दुसरा दिवस. झाकण तिसऱ्या दिवशी उघडतं.”

“आणि तिला एकदाही लागत नाही?”

“काय लागत नाही?” लेखिकेने विचारलं, आणि मग तिचे कान लाल झाले.

काचेपलीकडे कानसेनने हेडफोन लावले होते, यंत्र पुन्हा जोडून तपासत होता. माईक चालूच होता. बोलणं कुठे चाललंय हे लक्षात आलं तसे त्याने हेडफोन काढले, टेबलावर उपडे ठेवले आणि पाठ करून उगाचच एक कपाट आवरायला लागला. तिने ते पाहिलं. इतकी वर्षं या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती की आपल्याला त्या चपलेबद्दल काही विचारावंसं वाटतंय. तिने काचेवर टकटक केलं. तो वळला. तिने स्वतःच्या कानांकडे बोट दाखवलं. लाव. त्याने मानेनेच विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. त्याने हेडफोन लावले आणि खुर्चीत बसला, आणि ती माईकपासून तोंड न हलवता बोलायला लागली, फळा, जिना, खोकला, बाटली, कानावर बसलेली थप्पड, कापलेला फोटो, दाराकडे तोंड करून बसलेली दोघं. आवाजाला कुठलंही वळण न देता सांगितलं. लेखिकेसाठी सांगते आहे असं वाटत होतं, पण नजर काचेवर होती.

संपलं तेव्हा लेखिकेने मांडी मोडून गुडघे छातीशी घेतले. मग म्हणाली, “मी तुमच्याशी वाद घालू का?”

“घाल की.”

“मी सोळाची होते तेव्हा आमच्या घरी बाबा रोज आईला मारायचे. मी कपाटामागे बसून असलीच पुस्तकं वाचायचे. बोगदे, टाक्या, दारं लावलेली शहरं. आणि त्यात कुणीतरी कुणाचा तरी हात धरायचं. तेवढ्यावर मी दिवस काढले, ताई. तुम्ही म्हणता ते खोटं होतं. असेल. पण मी त्याच्यावर तगले. आता मी लिहिते तर कपाटामागे बसलेल्या पोरीला मी काय देऊ? नुसता खोकला आणि वास?”

मघापासून ती स्वतःला शहाणी समजत होती, आणि ही विशीतली पोर बरोबर बोलत होती. कपाटामागे बसलेली पोर तिला स्पष्ट दिसली. “हात धरू दे,” ती शेवटी म्हणाली. “कोण नको म्हणतंय? हात धरू दे, मुका घेऊ दे, काय हवं ते करू दे. फक्त तिला विसरायला लावू नकोस. कारण वाचणारी जी विसरत नाही ना, तिला वाटतं आपल्यातच काहीतरी मोडलंय. बाकीच्यांचं होतं, आपलं होत नाही. मला वाटलं होतं. अजून वाटतं.” शेवटचे दोन शब्द अगदी हळू आले. पण माईक महागाचा होता, आणि पलीकडे कानसेन होता. त्याने मान खाली घातली आणि आधीच बंद असलेलं एक बटण पुन्हा बंद केलं.

“मग टाकीत प्रेम कसं दिसेल?” लेखिकेने विचारलं. सवाल खरा होता. “मला माहीत असतं तर,” ती म्हणाली, आणि वाक्य तसंच सोडलं. लेखिका उठली, चपलेवरून जपून पाय टाकत बाहेर गेली. बाहेर जाताना तिने दार चपलेवर अलगद टेकवलं, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. आणि मग फटीतून त्या दोघांचं बोलणं आत येऊ लागलं, जसं सगळंच यायचं.

“पण दार उघडं म्हणजे बाहेरचे आवाज येत असतील ना?” लेखिका विचारत होती.

“येतात.”

“मग पुस्तकात कसे नसतात? मशीन काढतं?”

“मशीनला तिचा श्वास आणि छापखाना यातला फरक कळत नाही. दोन्ही काढून टाकतं. मी हाताने काढतो. एकेक. जिन्यावरची पावलं, नळ, फोन. दोन शब्दांच्या मध्ये आला तर सोपं असतं. शब्दावर आला तर वेळ लागतो.”

“किती वेळ?”

“लागतो,” कानसेन म्हणाला.

“इतकी वर्षं? प्रत्येक पुस्तकात? मग तुम्ही त्यांना दार लावायला का नाही सांगितलं?”

त्याला प्रश्नच कळला नसावा. “ती चप्पल ठेवते ना,” तो म्हणाला.

ती आत बसून राहिली, एक पाय अनवाणी. तिला आजवर वाटत होतं की एखादी कळ दाबली की बोळ पुसला जातो. ती संध्याकाळी पर्स उचलून निघायची तेव्हा हा मागे राहायचा, आणि तिने कधी विचारलं नव्हतं की तू निघत का नाहीस. आता तिला दिसलं की हा माणूस रोज तिच्या उघड्या दारातून आत आलेलं सगळं जग एकेक तुकडा उचलून बाहेर ठेवत होता, तिच्या शब्दांना धक्का न लावता. तिला दार बंद करायला सांगणं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आणि ती मात्र इतकी वर्षं मिठीत काय होतं नि काय होत नाही याचं मोजमाप घेत बसली होती. तिला आनंद झाला. दुसरा शब्दच नाही त्याला. घशात, छातीत, अनवाणी पायाच्या अंगठ्यातसुद्धा आनंद झाला, आणि भीती तिथेच होती, सिमेंटची चवही पुरती गेलेली नव्हती, आणि आनंदाचं नि भीतीचं एकमेकांशी काही वाकडं दिसत नव्हतं.

घरी गेल्यावर ती हॉलमधल्या त्या फोटोपुढे उभी राहिली. आईने तो तेव्हाच फ्रेम करून लावला होता आणि दर आठवड्याला पुसायची. “आई, यात बाटली होती,” ती म्हणाली. “मी त्याचा हात नव्हता धरला. बाटली ओढत होते.”

“मला काय सांगतेस?” आई खुर्चीतून म्हणाली. “दवाखान्यात झोपेतसुद्धा ‘माझी बाटली, माझी बाटली’ म्हणून कोकलत होतीस. नर्स वैतागली होती.”

“मग तो फ्रेम कशाला केलास? तुलाही वाटलं होतं ना, जोडी बिडी?”

“जोडी गेली खड्ड्यात. हात बघ तुझा. बघ, किती घट्ट आहे तो. जगायचंय त्या पोरीला. मी त्या हातासाठी लावलाय फोटो.” आईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आणि त्या कानसेनाचं काय झालं?”

“सांगते म्हटलंय.”

“सांगते, सांगते. मी म्हातारी झाले गं. अजून किती वर्षं बाथरूमबाहेर बसून भांडी वाजवू? त्याला शिकव की वाजवायला. त्याला ताल असेल.”

टाकीतल्या प्रसंगाची नव्याने लिहिलेली पानं आली ती लेखिकेने स्वतः आणून दिली आणि जिन्यातूनच पळून गेली, परीक्षा देऊन आलेल्या मुलीसारखी. ती पानं कानसेननेही वाचली होती, वाचावीच लागायची. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती बोळातून चालत शीतखोलीपाशी आली, सवयीने डावा पाय झटकून चप्पल काढायला वाकली, आणि तशीच थांबली. दारात आधीच काहीतरी होतं. पुरुषाचा काळा बूट, टाच झिजलेली, नाड्या आत नीट खोचलेल्या. दार त्यावर टेकलं होतं आणि फट चपलेच्या वेळी असायची त्याहून रुंद होती. तिने फटीतून काचेपलीकडे पाहिलं. कानसेन यंत्रापुढे बसला होता, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, आणि टेबलाखाली त्याचा एक पाय नुसत्या मोज्यात होता. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. दोन्ही चपला पायांत ठेवून आत गेली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि दोन्ही पाय सारखे टेकवून वाचायला बसणं किती आरामाचं असतं ते तिला कळलं.

“चप्पल लागली?” त्याने विचारलं.

“बूट लागलाय.”

“चला.”

ती वाचू लागली. टाकीतला पोरगा आता झाकण पडायच्या आत आपला बूट काढून फटीत सारत होता. गस्तीवाल्यांना वरून कळत नव्हतं, आणि आत उजेडाची एक बारीक रेघ पडली होती. नायिकेला लागली, आणि पोरगा पाठ करून बेसूर गुणगुणत बसला. पाण्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. ती त्याचा तिरस्कार करत झोपी गेली आणि जागी झाली तेव्हा त्याचा अनवाणी पाय थंडीने निळा पडला होता, पण बूट जागेवरच होता. पोरीने झक्क लिहिलं होतं. वाचता वाचता जिन्यात कुणीतरी सणसणीत शिंकलं, आणि ती थांबली नाही. खाली छापखाना सुरू झाला, आणि ती थांबली नाही. शेवटचं वाक्य आलं. “ती काहीच विसरली नाही,” तिने वाचलं. “तिला सगळं आठवत होतं, घर, दार, बाहेरून फिरलेली किल्ली, आणि ते सगळं घेऊन ती सरकली आणि तिने त्याचा थंड पाय आपल्या दोन्ही हातांत धरला.” मधाळ वळण कुठेच लागलं नाही. आवाज शेवटाला किंचित फाटला. तिने पान उलटून ठेवलं.

नियमाप्रमाणे आता ती गप्प बसायची आणि तो यंत्र थांबवायचा. त्याने हात पुढे केला, तेवढ्यात ती माईकमध्ये म्हणाली, “हो.”

त्याचा हात थबकला. “काय हो?”

“तू विचारलं होतंस ते. हो.” तिचं काळीज कानांत वाजत होतं, आणि ते त्याला ऐकू येत असणार हे तिला माहीत होतं. “दारं उघडी ठेवावी लागतील. सगळी. अंघोळीला बसले की तुला बाहेर भांडी वाजवावी लागतील. मध्येच कधी मी भूगोल म्हणायला लागेन. ते जाणार नाही, मी वाट पाहून पाहिली, ते येणारच आपल्याबरोबर. चालेल?”

काचेपलीकडे कानसेनचे दोन्ही हात हेडफोनवर होते, कुणी ते काढून नेईल अशी धास्ती असल्यासारखे. त्याने तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. कुठलाही आवाज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचा आवाज बसला होता. त्याने बाहीने डोळे पुसले, खाकरला, यंत्रावर वाकला. फटीतून बोळाची घरघर आत येत होती, कुणीतरी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढत होतं, नळ टपटपत होता, आणि त्या सगळ्यात तिला त्याचा रोजचाच प्रश्न ऐकू आला, वाचताना ती अडखळली किंवा काही भलतं बोलली की तो हटकून विचारायचा तो.

“ठेवू का काढू?”

“ठेव,” ती म्हणाली.